बंद करण्याचं कारण

झ्लातिना पेन्चेव्हाचा लॅपटॉप कारण विचारल्याशिवाय बंद व्हायचा नाही.

दुनियेचे लॅपटॉप झाकण मिटलं की गुमान झोपतात. हिचा झोपायचा नाही. झाकण मिटा, पिशवीत कोंबा, आत पंखा घरघरतोच आहे. बंदच करायचा म्हटलं तर पडद्यावर चौकट उभी राहायची: बंद का करता? खाली एक रिकामी ओळ. त्या ओळीत काहीतरी लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबलंच जायचं नाही. त्या लॅपटॉपवर घरगुती ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच मुळी. सर्व्हरची होती. कारखान्यांच्या, इस्पितळांच्या थंड खोल्यांत जी मशीनं वर्षानुवर्षं न थांबता शेकडो माणसांचं काम ओढतात, त्यांच्यासाठी बनवलेली. तसलं मशीन कोणी उगाच थांबवू नये, थांबवलंच तर कोणी थांबवलं ते मागे राहावं, म्हणून तो प्रश्न.

"आई, हा लॅपटॉप आहे की सासू?" तिची सतरा वर्षांची पोरगी रालित्सा म्हणायची. "निघालं की कुठे चाललीस, का चाललीस! आणि गाणं लावायला गेलं तर मुकी."

मुकी होती हे खरं. सर्व्हरला गाणी कशाला ऐकवायची, म्हणून आवाज मुळातच बंद करून येतो. तो कुठे दडलाय ते शोधायला झ्लातिनाला एक शनिवार लागला. व्हायरस पकडणारा प्रोग्राम चढवायला गेली, तर तो म्हणाला, तुम्ही सर्व्हर आहात, तुमच्यासाठी मोठ्या कंपन्यांची वेगळी आवृत्ती आहे, ती घ्या. बॅटरी तर दुसऱ्या वर्षीच मेली. तारेशिवाय चार मिनिटं. तरी तिने ती सिस्टीम काढली नाही.

रुसे शहरात हा उद्योग करून ठेवलेले डोकेबाज त्या दोन हजार सहा साली बरेच होते. ते सगळे त्या रिकाम्या ओळीत एक टिंब टाकायचे आणि मोकळे व्हायचे. झ्लातिना टिंब टाकायची नाही. ती खरं कारण लिहायची. "आईला डॉक्टरकडे नेते आहे. बंद केलं. पेन्चेव्हा." "डोकं चालत नाही. बंद केलं. पेन्चेव्हा." काय झालं, काय केलं, आडनाव. याच क्रमाने.

ही सवय इंजिनियर त्सोनेवने लावलेली.

त्सोनेव म्हणजे जहाजांच्या कारखान्यातल्या गणनकेंद्राचा प्रमुख. कपाटांएवढी मशीनं होती तेव्हाची गोष्ट. दाराजवळ हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. मशीन थांबवणाऱ्याने वहीत लिहायचं. "मशीन तुमच्या बापाचं नाही," तो ओरडायचा. "थांबवलंत तर का ते सांगा, काय केलंत ते सांगा आणि खाली आडनाव टाका. ज्याला आडनाव टाकायची लाज वाटते त्याने हात लावू नये."

दोब्रिन काराजोव तिथेच होता. झ्लातिना बावीस वर्षांची, आकडे भरणारी. तो सव्वीसचा, मशीनवरचा. एकदा जानेवारीत तो वहीत न लिहिता घरी गेला. ताटात सूप वाढलेलं. त्सोनेवने गाडी पाठवून त्याला परत आणवलं. बर्फात, घरच्या चपलांत. सगळ्यांसमोर त्याने लिहिलं: "टेप अडकली. पुन्हा सुरू केलं. काराजोव." बोटं गारठलेली, अक्षर म्हाताऱ्यासारखं थरथरतंय. त्यानंतर दोब्रिन कधी चुकला नाही. कारखाना बुडाला, त्सोनेव गेला, वही कुठल्या शेकोटीत गेली देव जाणे. पण या दोघांना ती कायमची लागली. कुठल्याही मशीनने का म्हणून विचारलं की यांची बोटं आपोआप तीन गोष्टी लिहायची. एकदा बिअर पिताना यावरून दोघं पोट धरून हसले होते.

"मेल्यावर स्वर्गाच्या दारात सेंट पीटरने विचारलं ना," दोब्रिन म्हणाला होता, "तरी मी लिहीन. हृदय अडकलं. बंद केलं. काराजोव."

अशी एकोणीस वर्षांची दोस्ती.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात सर्व्हरची ती डिस्क दोब्रिननेच आणली. वर जाड पेनाने नाव खरडलेलं. विकत घेतलेली नव्हती. रुसेत तेव्हा विकतची डिस्क कोणी डोळ्यांनी पाहिली होती? वकील, मुख्याध्यापक, पोलिसांची पोरं, सगळे त्याच चोरीच्या डिस्कांवर. आज जे छातीवर हात ठेवून आपण नव्हतो म्हणतात ते खोटं बोलतात.

झ्लातिनाला सर्व्हर हवा होता, कारण ती एक प्रोग्राम लिहीत होती. लिहायला ती आपली आपण शिकली होती. कॉलेज नाही, शिक्षक नाही. वाचनालयातली रशियन पुस्तकं आणि हट्ट. तिच्या आईने एका फेब्रुवारीत पॉलिक्लिनिकच्या दारात, नंबराच्या चिठ्ठीसाठी, सुजलेल्या गुडघ्यांवर तीन तास काढले होते. चिठ्ठ्या सातला वाटायच्या आणि सव्वासातला संपायच्या, म्हणून म्हातारे पाचपासून उभे. म्हातारी घरी आली ती भिंत धरत. त्या दिवशी झ्लातिनाने ठरवलं. दारात एक यंत्र असावं, आरोग्यपुस्तिकेचा नंबर दाबला की चिठ्ठी यावी, वेळ छापलेली, आणि माणसाने त्या वेळीच यावं. साधी गोष्ट. तिने अडीच वर्षं घातली त्यात. असा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, आणि सर्व्हर तिला परवडणार नव्हता.

"वेडी आहेस का," दोब्रिन म्हणाला. "लॅपटॉपलाच सर्व्हर करू. जिथे जाशील तिथे तुझं पॉलिक्लिनिक काखेत."

त्यानेच सगळं चढवलं. मशीनने नाव मागितलं तेव्हा त्याने "गणनकेंद्र-२" टाकलं, आणि झ्लातिनाचे डोळे भरून आले होते. आज तिला त्या डोळ्यांचीच चीड येते. जाताना त्याने स्वतःसाठी एक वेगळं खातं उघडलं, "देखभाल" नावाचं, आणि वस्तीतली घरं जोडणाऱ्या इंटरनेटच्या तारेवरून आत यायची वाट खुली ठेवली. "काही अडलं तर मी घरूनच बघीन. आणि चालूच ठेव, झ्लाते. सर्व्हर सारखा बंद-चालू केला की बिघडतो."

तिने चालू ठेवला.

*

सप्टेंबरातल्या गुरुवारी पॉलिक्लिनिकच्या संचालिकेने, डॉक्टर हाजिएव्हाने, प्रोग्राम बघायला बोलावलं. समिती तिघांची. दोब्रिन म्हणाला होता, मी येतो बरोबर, तारा जोडायला, धीर द्यायला.

तो आला. सुटात आला. येऊन खोलीच्या पलीकडच्या बाजूला, राजधानी सोफियाहून आलेल्या कंपनीच्या दोन पोरांशेजारी बसला.

झ्लातिनाला आधी वाटलं, चुकला. तिने हात केला. "दोब्री, इकडे."

त्याने कागद चाळायला घेतले.

सोफियाच्या पोरांची पाळी पहिली. चकचकीत मशीन, वर कंपनीचा निळा शिक्का. एकाने नंबर दाबला, चिठ्ठी सरकन बाहेर आली. डॉक्टर हाजिएव्हाने ती उचलून मोठ्याने वाचली: वेळ, खोली, डॉक्टर, आणि तळाला एक ओळ.

"तुमचा नंबर येईपर्यंत बसून घ्या. आम्ही नावाने हाक मारू."

झ्लातिनाने ती ओळ ओळखली. ती ओळ तिने आईच्या गुडघ्यांसाठी लिहिली होती. स्वयंपाकघरात, लॅपटॉप ओट्यावर ठेवून.

"किती छान," डॉक्टर हाजिएव्हा म्हणाली. "माणुसकी आहे यात."

"आम्ही लोकांचा विचार आधी करतो," पोरगा म्हणाला.

"ही ओळ माझी आहे!" झ्लातिना उभी राहिली. "ओळ माझी, प्रोग्राम माझा. दोब्रिन, बोल ना! तू पाहिलायस माझ्या घरी!"

तेव्हा दोब्रिनने मान वर केली. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही, काही नाही. हवामान सांगणाऱ्या माणसाचा चेहरा. "मी रुसेतला या कंपनीचा प्रतिनिधी आहे. पेन्चेव्हाबाईंचं काम मी पाहिलंय, हौशी म्हणून चांगलं आहे. 'बसून घ्या' काय, कुठल्याही दवाखान्यात लिहिलेलं असतं."

पेन्चेव्हाबाई! एकोणीस वर्षांनी तिने त्याच्या तोंडून स्वतःचं आडनाव ऐकलं.

तिची पाळी आली. तिने झाकण उघडलं, जुना पंखा किंचाळला, समितीतला एक जण हसला. चिठ्ठी आली, तीच चिठ्ठी, तीच ओळ. आता ती नक्कल दिसत होती. हे सगळ्यात वाईट. आपलंच लेकरू दुसऱ्याच्या कडेवर पाहिलेल्या लोकांना कितीही सांगा, ते आपल्याकडेच संशयाने बघतात.

"पेन्चेव्हाबाई," डॉक्टर हाजिएव्हा दारापर्यंत आली. बाई वाईट नव्हती. "निर्णय पुढच्या शुक्रवारी. तुमच्याकडे पुरावा असेल तर आणा. नुसतं ओरडून मी काय करू?"

पुरावा कसला आणणार? दोन्ही प्रोग्राम सारखे होते, यावरून कोणी कोणाचं उचललं ते कसं कळणार? दोब्रिनने चोरलं हे तिला आतड्यापासून ठाऊक होतं. कसं आणि कधी, ते ठाऊक नव्हतं. तो घरी यायचा तेव्हा ती समोरच असायची. कॉफी करायची त्याला.

*

पुरावा मिरच्यांनी दिला.

इमारतीच्या बाल्कन्यांत ल्युतेनित्साची, भाजल्या मिरच्यांच्या हिवाळी चटणीची, धांदल चालू होती. प्रत्येक बाल्कनीत लाल मिरच्यांची पोती, प्रत्येकीची विजेची भट्टी, सगळ्या जिन्यात त्या सोललेल्या, करपलेल्या सालींचा वास. तीन भट्ट्या एकदम पेटल्या की मजल्याचा फ्यूज उडायचा. फ्यूज उडाला की मेल्या बॅटरीचा लॅपटॉप धाडकन आडवा. आणि पुन्हा उठल्यावर पहिला प्रश्न: मागच्या वेळी मशीन अचानक का बंद पडलं?

झ्लातिना लिहायची: "तोदोर्का मावशी मिरच्या भाजते आहे. फ्यूज बदलला. पेन्चेव्हा."

रविवारी चौथ्यांदा उडाला. झ्लातिना जिन्यात आली तर शेजारची तोदोर्का मावशी हात कमरेवर ठेवून उभीच.

"माझ्या भट्टीने उडतो म्हणे! तुझ्या त्या घरघऱ्याने उडतो. दिवसरात्र चालू, काय अंडी उबवतेस का त्यात?"

"मावशी, माझ्याकडे तारखा आहेत. वेळेसकट. प्रत्येक वेळी तुमच्या मिरच्या होत्या."

"आण की! उद्या इमारतीच्या सभेत आण. बघते मी तुझ्या तारखा!"

झ्लातिना तणतणत वर आली. चार दिवस तिने अन्न नीट गिळलं नव्हतं, कोणावर तरी ओरडायला तिला बरंच वाटलं होतं. बंद करण्याच्या कारणांची सगळी यादी मशीन जपून ठेवतं. तिने ती तीन महिन्यांची काढली आणि रालित्साला म्हणाली, "वाच, मिरच्या आल्या की सांग."

रालित्सा पडद्यावर बोट फिरवत वाचू लागली. "मिरच्या. मिरच्या. 'इव्हानच्या लग्नाला जाते आहे, बंद केलं.' मिरच्या. 'रालित्साशी भांडण झालं, बंद केलं.' आई! हेपण लिहिलंस?"

"पुढे."

"नऊ ऑगस्ट, सकाळी अकरा वीस. 'मोठं फोल्डर नेताना मशीन अडकलं. पुन्हा सुरू केलं. काराजोव.'" ती थांबली. "आई, नऊ ऑगस्टला आपण मामाकडे नव्हतो का? बाल्चिकला? समुद्रावर?"

झ्लातिनाने पुढे वाकून ती ओळ स्वतः वाचली.

काय झालं, काय केलं, आडनाव.

रिकामं घर, ओट्यावर झाकण मिटलेला, न झोपणारा लॅपटॉप. आणि तीन रस्ते पलीकडे दोब्रिन आपल्या टेबलाशी बसून, तारेवरून तिच्या घरात शिरून, अडीच वर्षं उपसतो आहे. मध्येच मशीन अडकलं. पुन्हा सुरू करावं लागलं. चौकट आली, का म्हणून विचारलं. दुसरा कोणीही चोर टिंब टाकून गेला असता. पण मनगटात त्सोनेव बसलेला. चोरी करतानाही त्या माणसाने वही भरली.

मग तिने दुसरी नोंदवही उघडली, आत कोण आलं, कोणत्या तारेवरून, किती वेळ बसलं याची. "देखभाल" एकेचाळीस वेळा आला होता. आणि त्यातल्या सव्वीस वेळा ती स्वतः मशीनसमोर बसलेली होती.

हे तिला कळत कसं नव्हतं? घरगुती सिस्टीमवर दुसरा कोणी दुरून आत आला की समोरच्याचा पडदा मिटतो, लगेच कळतं. सर्व्हरवर तसं नाही. सर्व्हर बनवलेलाच अनेकांसाठी. त्यावर दोन माणसं एकाच वेळी बसून काम करतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. म्हणून त्याने तिला सर्व्हर दिला होता की नंतर त्याला सुचलं, हे ती आजही सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी त्याचं मन स्वच्छ असेलही. यादीत त्याची पहिली भेट होती मार्चमधली. बारा मार्च. आईचा वाढदिवस. त्या दिवशी संध्याकाळी तो चीज भरलेली बानित्सा घेऊन आला होता, आईच्या गालाला गाल लावून गेला होता. सकाळी आत बसून गेलेला माणूस.

"आई, पाणी देऊ?"

"नको."

सोमवारी तोदोर्का मावशीने सभेत तारखा मागितल्या, तेव्हा झ्लातिना म्हणाली, "मावशी, भाजा मिरच्या. हव्या तेवढ्या भाजा." मावशीला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

*

दोब्रिनचं दुकान बाजारामागे होतं. प्रिंटरची शाई भरून द्यायची, मशीनं दुरुस्त करायची. झ्लातिनाने यादीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. बोट नऊ ऑगस्टवर.

त्याने वाचलं. एकदा त्याचा चेहरा खरंच पडला. चोरी पकडली म्हणून नव्हे, आपली बोटं आपल्याला विचारल्याशिवाय लिहून गेली म्हणून. मग तो हसला.

"त्सोनेव म्हातारा. कबरीतून कान धरतो बघ."

"का केलंस?"

"बस, झ्लाते."

"बसायला नाही आले. का केलंस ते सांग."

"कारण तू ते कधीच विकू शकली नसतीस!" त्याने स्टूल सरकवलं. "तो घरघरणारा डबा घेऊन हाजिएव्हासमोर गेलीस, हसले ना? अजून दहा वर्षं एकेक ओळ घासत बसली असतीस. आता तो प्रोग्राम आठ शहरांत लागेल. म्हातारे बसून राहतील. तुला तेच हवं होतं ना?"

"माझ्या नावाने हवं होतं."

"नाव!" तो म्हणाला. "नावाने काय सूप शिजतं? ऐक. मी बोललोय त्यांच्याशी. पॉलिक्लिनिकमध्ये त्यांना माणूस लागेल, रोग्यांची माहिती भरायला. तुझी बोटं अजून चालतात. मीच तुझं नाव सुचवलं."

आकडे भरायला. बाविसाव्या वर्षी जिथून उठून ती स्वतःच्या पायांवर इथवर आली, त्याच खुर्चीवर तो तिला परत बसवत होता, आणि वर उपकार म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाऱ्याचा हात मऊ, आवाज मायेचा.

"हा कागद मी हाजिएव्हाबाईंना देणार आहे."

"दे ना. कागद तूच छापलास. मशीन तुझं, घर तुझं. मी म्हणेन, बाईने काल स्वतः माझं आडनाव टाईप केलं, चिडून. कोण ठरवणार?"

"पोलिसांचे तज्ज्ञ ठरवतील. मशीन उघडून बघतील."

दोब्रिन शाईने काळी झालेली बोटं फडक्याला पुसत राहिला. शांतपणे. याचा विचार त्याने आधीच करून ठेवला होता. "जा. जाच. मात्र पहिला प्रश्न काय विचारतील माहीत आहे? ही सिस्टीम कुठून आणलीत? देशाला जानेवारीत युरोपच्या संघात जायचंय, म्हणून हल्ली दर आठवड्याला छापे घालतायत. परवाच कॅफेवाल्याची दहा मशीनं उचलली. घरगुती डिस्क असती तर दटावून सोडलं असतं. तुझ्याकडे सर्व्हरची आहे. महागातली. चोरीच्या सर्व्हरवर विकायचा माल बनवला म्हटल्यावर ती हौस नाही, धंदा झाला. गुन्हा झाला."

"डिस्क तू दिलीस."

"मी? माझ्या दुकानात सगळं विकतचं आहे, पावतीसकट." त्याने भिंतीकडे हात केला. चौकटीत खरोखर पावती होती, याच वर्षीची. जून महिन्याची. "तुला पोरगी आहे, झ्लाते. आई आहे. घरी जा."

ती घरी गेली नाही. नदीकाठच्या बाकावर बसली, पुलाखालून जाणारे पडाव बघत. तिला वाटत होतं, हा माणूस कुठेतरी एकदा तरी लाजेल. खरं सांगायचं तर दुकानात जाताना तिने मनात माफीसुद्धा तयार ठेवली होती. तो रडला असता तर तिने त्याला धरलं असतं, गाढवासारखं. पण त्याने तिला ती संधीही दिली नाही. तीन वर्षांपूर्वी दोस्ती म्हणून दिलेली डिस्क त्याने आज तिच्या गळ्यात धोंडा म्हणून बांधली होती, आणि तिला पाण्याकडे बोट दाखवत होता.

आपणही कुठे साव होतो, हे तिला तिथे बसून कळलं. चोरीचीच डिस्क. तीन वर्षं तिने त्याचा विचार केला नाही, कारण सगळेच वापरतात. दोब्रिननेही कदाचित असाच विचार केला नसेल. तर मग फरक काय राहिला? एवढाच, की आता आडनाव कोण टाकतं.

*

"आई, तुला आत टाकतील," रालित्सा म्हणाली. मंगळवार, सकाळचे दहा. झ्लातिना नीट बंद केलेला लॅपटॉप, तार आणि यादी पिशवीत घालत होती.

"टाकणार नाहीत. दंड करतील. मशीन जाईल."

"आणि प्रोग्राम?"

"प्रोग्रामची एक प्रत तुझ्या शाळेच्या दप्तरात आहे. कालपासून. मागच्या कप्प्यात."

"मला सांगायचं तरी!" पोरगी हसली आणि मग रडायला लागली.

पोलीस ठाण्यात मिंचेव नावाचा अधिकारी होता, पस्तिशीचा, नुकत्याच केलेल्या दाढीवर कापसाचा तुकडा चिकटलेला. त्याने बसायला सांगितलं. "काय हरवलं, बाई?"

"हरवलं नाही. आणून दिलंय." झ्लातिनाने लॅपटॉप टेबलावर ठेवला, तार भिंतीत खोचली, चालू केला. "यावर चोरीची सिस्टीम आहे. सर्व्हरची. तीन वर्षं मी वापरली. लिहून घ्या."

मिंचेवने पेन खाली ठेवलं. "कोणी तक्रार केली तुमच्यावर?"

"नाही. मीच करते आहे."

"बाई, लोकांच्या घरी आम्ही जातो तेव्हा लोक लॅपटॉप बाल्कनीतून फेकतात. तुम्ही स्वतः घेऊन आलात?"

"हो. जप्त करा, शिक्का मारा. तुमच्या माणसाकडून उघडवा आणि आत काय काय आहे ते सगळं लिहा. नऊ ऑगस्ट, अकरा वीस. 'देखभाल' नावाचं खातं, एकेचाळीस भेटी, कोणत्या तारेवरून. त्या तारेचा मालक शोधा. माझ्यावरचा गुन्हा लिहा, आणि त्याच कागदावर त्याचाही लिहा. एक सोडून दुसरा लिहू नका."

त्याने यादी वाचली. दोनदा वाचली. मिरच्यांपाशी त्याच्या ओठांची कड हलली. झ्लातिनाने त्सोनेवच्या वहीपासून शुक्रवारच्या निर्णयापर्यंत सगळं सांगितलं. "त्सोनेव," तो अचानक म्हणाला. "कारखान्यातला? माझे वडील तिथे वेल्डर होते. अख्खा कारखाना घाबरायचा म्हणे त्या माणसाला."

"घाबरायचा."

"दंड लागेल तुम्हाला. कमी नाही. आणि शुक्रवारपर्यंत तज्ज्ञाचा अहवाल येणार नाही, हे आत्ताच सांगतो. महिने जातात. पॉलिक्लिनिकला मी फार तर एवढंच लिहून देऊ शकतो की तपास चालू आहे, दोन्ही प्रोग्रामवर."

"दोन्हीवर?"

"दोन्हीवर. तुमचाही अडकणार."

हे तिने हिशेबात धरलं नव्हतं. क्षणभर तिला तो लॅपटॉप उचलून पळत सुटावंसं वाटलं. अडीच वर्षं. आईची म्हातारी पावलं अजून एक फेब्रुवारी त्या दारात उभी राहणार. मग तिला पावतीची ती चौकट आठवली, भिंतीवर टांगलेली, जून महिन्याची.

"अडकू दे. लिहा."

त्याने लिहिलं. पाऊण तास लागला. तिने प्रत्येक पानावर सही केली, घाई न करता. 'डिस्क दिली: काराजोव' या ओळीपाशीही ती थांबली नाही. शेवटी मिंचेवने शिक्क्याची दोरी काढली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "आता हे बंद करू ना? तार ओढू?"

"ओढू नका. नीट बंद करा. नाहीतर उद्या उठल्यावर विचारेल."

त्याने बटण दाबलं. चौकट आली. तो वाकून बघत राहिला.

"हे कारण विचारतंय."

"हो."

"टिंब टाकलं तर चालतं ना? आमचा पोरगा टाकतो घरी—" त्याने जीभ चावली.

झ्लातिनाने ऐकलं नाही असं दाखवलं. "चालतं," ती म्हणाली. "पण तुम्ही टाकू नका. काय झालं, काय केलं, आणि खाली आडनाव. तुमचं."

मिंचेवने खुर्ची पुढे ओढली. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता पुटपुटत राहिला: "मालकिणीने... स्वतः... आणून दिलं. जप्त केलं." मग एकदा दाराकडे पाहून त्याने आपलं आडनाव टाकलं.

पंखा थांबला. तीन वर्षांत झ्लातिनाने तो आवाज थांबलेला फार कमी वेळा ऐकला होता. तिने भिंतीतली तार काढली, नीट गुंडाळली, आणि ती जप्तीच्या यादीत नव्हती म्हणून पिशवीत घालून घरी निघाली.